स्विच सर्वांत शेवटी

मामांच्या शहाद्याच्या घरी माळ्यावर एक स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर होता. बावीस वर्षं तो तिथे सुखरूप राहिला. मी तो खाली काढला, फडक्यानं पुसला, प्लग लावला आणि पाच सेकंदांत मारला.

आधी ‘घूं’ असा जाड आवाज आला, मग ‘फट्’, आणि मागच्या जाळीतून धुराची एक बारीक रेघ वर निघाली. खोलीभर वास सुटला, सुकट जाळल्यासारखा. मामी स्वयंपाकघरातून ओरडल्या, “काय जाळलंस रे?” मामा मात्र शांतपणे म्हणाले, “बावीस वर्षं तो थांबला. तुला अर्धा तास थांबता आलं नाही?”

पुढं जुनी यंत्रं दुरुस्त करायचा नाद लागल्यावर कळलं, की मामांच्या त्या एका वाक्यात या विद्येचा निम्मा भाग होता. अडगळीत पडलेला अ‍ॅम्प्लिफायर सहसा अडगळीत मरत नाही. तिथे तो फक्त सुकतो, गंजतो, धूळ खातो. त्याला मारतो तो ‘चालतोय का बघू’ म्हणून बटण दाबणारा उत्साही माणूस. म्हणून या प्रकरणातल्या कामांचा क्रम उलटा आहे. एरवी यंत्र हातात आलं की आपण आधी स्विच दाबतो. इथे तो सर्वांत शेवटी.

माळ्यावर काय सापडतं

मामांचं शहादा ज्यात येतं तो नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला, पण इथल्या माळ्यांवरचा ऐवज त्याहून जुना आहे. सातपुड्यातल्या अनेक पाड्यांवर वीज उशिरा पोहोचली, त्यामुळे अक्कलकुवा-धडगावकडे बारा व्होल्टच्या गाडीच्या बॅटरीवर चालणारे छोटे सेट मिळतात. त्यांच्या पोटात बहुधा टीबीए ८१० किंवा एलए ४४४० ही आयसी असते. मंडप आणि लाउडस्पीकरचा धंदा केलेल्यांकडे दिल्लीच्या अहुजा कंपनीचे लोखंडी पेटीतले, भोंग्यांसाठीचे अ‍ॅम्प्लिफायर सापडतात. आणि शहादा, नंदुरबार, तळोदा इथल्या एखाद्या डॉक्टरच्या, मास्तरांच्या किंवा व्यापाऱ्याच्या घरी निघतो तो खरा स्टिरिओ: मुंबईच्या कॉस्मिकचा, १९७० साली कोलकात्यात सुरू झालेल्या सोनोडाइनचा, फिलिप्सचा, नाहीतर कुणा नातेवाइकानं परदेशातून आणलेला सान्सुई किंवा पायोनियर.

हे वर्गीकरण हौसेखातर केलेलं नाही. आयात केलेल्या यंत्राच्या पाठीवरची पट्टी वाचल्याशिवाय पुढं जाऊच नये. जपानमध्ये घरगुती वीज १०० व्होल्टची, अमेरिकेत १२० व्होल्टची. ते यंत्र आपल्या २३० व्होल्टच्या प्लगात घातलं, तर ट्रान्सफॉर्मरला दुप्पट भार झेपत नाही. काहींच्या पाठीवर व्होल्टेज बदलायची खटकी असते. नसेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतोच. आणि पेटीत काचेचे वाल्व्ह दिसले, तर नवशिक्यानं झाकण परत लावावं. वाल्व्हच्या यंत्रात तीनशे व्होल्ट किंवा अधिकही डीसी असतं, आणि प्लग काढल्यावरही ते काही काळ टिकून राहतं. आपण ट्रान्झिस्टरच्या स्टिरिओपुरतं बोलू.

पाट, झडप आणि विहीर

अ‍ॅम्प्लिफायर आवाज ‘मोठा करतो’ असं आपण म्हणतो. खरं तर तो आलेल्या बारीक आवाजाची मोठी नक्कल तयार करतो, आणि त्या नकलेसाठी लागणारी ताकद घेतो भिंतीतल्या विजेकडून. पाटाच्या पाण्याचं उदाहरण घ्या. झडप हलवायला बोटाचा जोर पुरतो, पण त्या हालचालीबरोबर खाली वाहणारं पाणी शेत भिजवतं. कॅसेट किंवा रेकॉर्डवरून येणारा क्षीण संकेत म्हणजे झडपेवरचं बोट. ट्रान्झिस्टर ही झडप. स्पीकर हे शेत. मग पाणी कुठून येतं? ट्रान्सफॉर्मर २३० व्होल्टचं वीस-पंचवीस व्होल्ट करतो, डायोड त्याला एकाच दिशेनं वाहायला लावतात, आणि मोठे गोल डबे ते साठवून ठेवतात. हे डबे म्हणजे फिल्टर कंडेन्सर, आपल्या पाटाची विहीर.

या झडपांना शिस्त लावण्याची कल्पना बेल लॅबोरेटरीजच्या हॅरल्ड ब्लॅक या २९ वर्षांच्या इंजिनिअरला २ ऑगस्ट १९२७ रोजी सकाळी कामावर जाताना, हडसन नदी ओलांडणाऱ्या बोटीवर सुचली. हाताशी कागद नव्हता, म्हणून त्यानं ती ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पानावरच उतरवली. बाहेर पडणाऱ्या आवाजाचा थोडा भाग उलटा करून पुन्हा आत पाठवायचा, म्हणजे यंत्र आपली चूक आपणच सुधारतं. यालाच निगेटिव्ह फीडबॅक म्हणतात. तुमच्या माळ्यावरच्या पेटीतही तोच फेरा आहे. त्याचा एक त्रास मात्र दुरुस्ती करणाऱ्याला भोगावा लागतो. सगळे भाग एका फेऱ्यात बांधलेले असल्यामुळे एक भाग बिघडला की सगळीकडचे आकडे चुकतात, आणि मूळ चोर कोण ते पटकन कळत नाही.

झाकण उघडल्यावर मागच्या काळ्या, कंगव्यासारख्या हीटसिंकवर दोन-दोन स्क्रूंनी बसवलेले शंकरपाळ्याच्या आकाराचे धातूचे तुकडे दिसतील. हे आउटपुट ट्रान्झिस्टर. त्या काळच्या कित्येक यंत्रांत यांवर एकच नाव सापडतं: २एन३०५५. अमेरिकेच्या आरसीए कंपनीनं १९६०च्या दशकात आणलेला हा ट्रान्झिस्टर ६० व्होल्ट, १५ अँपिअर आणि ११५ वॅटचा. एका चॅनेलला असे दोन एकसारखे बघून नवशिके गोंधळतात, कारण पुस्तकात एक एनपीएन आणि एक पीएनपी अशी परस्परविरुद्ध दिशेनं चालणारी जोडी दाखवलेली असते. त्या काळी ताकदीचे पीएनपी ट्रान्झिस्टर महाग आणि दुर्मीळ होते. म्हणून दोन्ही जागी एनपीएनच लावायचे आणि आधीच्या छोट्या ट्रान्झिस्टरांकडून त्यांतल्या एकाला पीएनपीसारखं वागायला लावायचं, अशी तोड काढली गेली. जुन्या यंत्राचा नकाशा वाचताना ही खुबी ठाऊक असली की बरंचसं धुकं विरतं.

विजेशिवायची कामं

प्लग भिंतीपासून काढून टेबलावर, डोळ्यांसमोर ठेवा. अंगठी आणि कडं काढा. एक गोष्ट मात्र विसरू नका: बऱ्याच अ‍ॅम्प्लिफायरांत चालू-बंदचं बटण दर्शनी पट्टीवर असतं आणि तिथपर्यंत २३० व्होल्टची तार गेलेली असते. प्लग लावलेला असेल, तर बटण बंद असूनही ती तार जिवंत असते. जीव घेणारी वीज तिथे आहे. आतल्या तीस-चाळीस व्होल्टची भीती त्यामानानं कमी, पण फिल्टर कंडेन्सर हलके घेऊ नका. ४,७०० मायक्रोफॅरडचा डबा ३५ व्होल्टला भरलेला असेल तर त्यात सुमारे तीन ज्यूल ऊर्जा असते. स्क्रूड्रायव्हर आडवा टाकून तो रिकामा करायची सवय अनेकांना असते. त्यानं ठिणगी उडते, डब्याच्या आतली जोडणी दुखावते. १०० ओहम, ५ वॅटचा रजिस्टन्स दोन्ही टोकांना पाच सेकंद धरला, की काम सभ्यपणे होतं.

मग फोटो काढा. चारी बाजूंनी, भरपूर. कोणती तार कुठे होती हे ‘लक्षात राहील’ असं वाटतं. ते राहत नाही.

आता सफाई. नंदुरबारच्या मिरचीच्या हंगामात लाल मिरच्या वाळत घातल्या की त्यांची धूळ वाऱ्यावर कुठेही जाते, आणि गावातल्या जुन्या अ‍ॅम्प्लिफायरच्या पोटातही ती सापडते. पहिल्यांदा झाकण उघडून जोरात फुंकर मारली तेव्हा मी पंधरा मिनिटं शिंकत होतो. तोंडाला रुमाल बांधा आणि मऊ ब्रशनं धूळ काढा. ओलं फडकं नको. कोपऱ्यात कुंभारीण माशीनं मातीची घरटी बांधलेली असतात; ती अलगद फोडा, कारण ओलसर मातीतून वीज वाहते. उंदरांनी तारांचं प्लॅस्टिक कुरतडलंय का तेही इथेच कळतं.

व्हॉल्यूम फिरवताना येणारी खरखर हा अशा यंत्रांचा सगळ्यांत सामान्य आजार. आत कार्बनचा पट्टा असतो, त्यावर एक पाती घासत फिरते. पट्ट्यावर मळ बसला की संपर्क तुटक होतो. यावर लोक खोबरेल सोडतात, रॉकेल सोडतात. खरखर दोन दिवस जाते, मग तेलात धूळ कालवून दुपटीनं परत येते. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारा काँटॅक्ट क्लीनर नळीनं आत एकदा फवारा आणि मूठ तीस-चाळीस वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. खटक्या आणि रिले यांच्या चांदीच्या टोकांचंही तेच. देवघरातलं चांदीचं निरांजन हवेतल्या गंधकानं काळं पडतं, तशीच ही टोकं काळवंडतात. पॉलिश पेपरनं घासाल तर चांदीचा पातळ थरच निघून जाईल. जाड कागदाची पट्टी आयसोप्रोपाइल अल्कोहोलमध्ये बुडवून दोन टोकांमधून ओढली की पुरतं.

यानंतर भिंग घ्या आणि बोर्ड उलटा करा. दुकानातले जुने कारागीर ज्याला ‘ड्राय सोल्डर’ म्हणतात, ते शोधायचं आहे. यंत्र तापतं, निवतं, पुन्हा तापतं. दर वेळी धातू किंचित पसरतो, आकसतो. वीस वर्षांत मोठ्या आणि गरम होणाऱ्या भागांच्या पायांभोवती केसासारखी गोल भेग पडते. बाहेरून डाग चकचकीत दिसतो, आत जोड सुटलेला असतो. ‘पेटीवर थापटी मारली की चालू होतो’ या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा हेच. जुना सोल्डर शोषून काढा आणि ६०-४० प्रमाणातल्या कथील-शिशाचा नवा डाग द्या. पंचवीस वॅटची सोल्डरिंग आयर्न पुरते. जुन्या तपकिरी बोर्डावर तांब्याची पट्टी डिंकाच्या जोरावर चिकटलेली असते; टोक तीन-चार सेकंदांपेक्षा जास्त टेकवलं की ती उचलून येते, आणि मग दुरुस्तीची दुरुस्ती करत बसावं लागतं.

शेवटी फ्यूज. फ्यूजच्या जागी तार गुंडाळलेली सापडली, तर यंत्राचा पूर्वेतिहास कळला म्हणायचं. कुणीतरी खरा बिघाड शोधायच्या ऐवजी पहारेकऱ्यालाच हाकलून दिलं होतं. पट्टीवर लिहिलेल्या अँपिअरचाच काचेचा फ्यूज घाला.

एका पिवळ्या बल्बची किंमत

इतकं झाल्यावर वीज, पण थेट नाही. प्रत्येक वायरमनच्या दुकानात लाकडी पाटावर एक बल्ब होल्डर आणि एक सॉकेट बसवलेला असतो. त्याला सिरीज बोर्ड म्हणतात. वीज आधी बल्बमधून जाते, मग अ‍ॅम्प्लिफायरमध्ये. त्या दिवशी मामांच्या घरी हा पाट असता, तर धूर निघाला नसता.

तो काम कसा करतो, हे मजेशीर आहे. १०० वॅटच्या पिवळ्या बल्बची तार तापलेली असताना तिचा विरोध सुमारे ५२९ ओहम असतो. थंड असताना तो चाळीस ओहमच्या आसपास, म्हणजे दहापटीहून कमी. यंत्र निरोगी असेल तर ते थोडीच वीज ओढतं, बल्ब थंड राहतो आणि जवळजवळ सगळं व्होल्टेज पलीकडे जाऊ देतो. आत शॉर्ट असेल तर बल्ब भरभरून पेटतो, त्याचा विरोध वाढतो आणि प्रवाह ०.४३ अँपिअरच्या पुढं जाऊच शकत नाही. बिघाडाची जवळजवळ सगळी ऊर्जा बल्बमध्ये उष्णता आणि उजेड होऊन जाते, ट्रान्झिस्टर वाचतात. हे काम एलईडी बल्ब करू शकत नाही, तारेचाच हवा. घरातला एखादा जुना पिवळा बल्ब यासाठी जपून ठेवा.

स्पीकर काढलेले, व्हॉल्यूम शून्यावर, आणि आता बटण. बल्ब क्षणभर लखकन पेटून मंदावला, तर छान: डबे भरले आणि यंत्र स्थिरावलं. पेटलेलाच राहिला, तर ताबडतोब प्लग काढा. शोधायच्या जागा तीनच: डायोड, फिल्टर कंडेन्सर आणि आउटपुट ट्रान्झिस्टर. मल्टीमीटरवर ट्रान्झिस्टरच्या कलेक्टर आणि एमिटर या दोन टोकांमध्ये दोन्ही दिशांनी शून्याच्या आसपास ओहम आले, तर तो ट्रान्झिस्टर गेला. एक गेला असेल तर त्याचा जोडीदार आणि त्यांना चालवणारे छोटे ट्रान्झिस्टरही तपासा. हे सहसा एकटे जात नाहीत. नवा बसवताना खाली अभ्रकाची चकती आणि पांढरी पेस्ट हवीच. ट्रान्झिस्टरचं धातूचं अंग आणि हीटसिंक यांत संपर्क नाही, हे मीटरनं पाहिल्याशिवाय पुढं जाऊ नका. बाजारात २एन३०५५च्या नावाखाली बनावट मालही खूप फिरतो. विश्वासाच्या दुकानातून घ्या, मग ते सुरतेला असो, पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर.

आटलेल्या विहिरी

मामांच्या यंत्रात फुटला तो फिल्टर कंडेन्सर. का फुटला? या डब्यात अ‍ॅल्युमिनियमच्या दोन पातळ पट्ट्या आणि मध्ये रसायनात भिजवलेला कागद अशी गुंडाळी असते. एका पट्टीवर ऑक्साइडचा अतिसूक्ष्म थर असतो. वीज अडवण्याचं काम त्या थराचं. यंत्र वर्षानुवर्षं बंद राहिलं की हा थर विरतो. अशात एकदम पूर्ण व्होल्टेज दिलं की वीज आतून गळते, रसायन तापतं, वाफ होते आणि डबा फुटतो. सुकटीसारखा तो वास त्या रसायनाचा. व्होल्टेज हळूहळू वाढवत नेलं, तर तोच थर पुन्हा तयार होऊ शकतो. कॉलेजच्या प्रयोगशाळेतला डिमरस्टॅट यासाठी उत्तम. तरीही तीस-चाळीस वर्षांच्या डब्यांबद्दल माझं मत स्पष्ट आहे: थर तयार करून यंत्र तपासून घ्या, आणि मग डबे बदला.

फुटणं हा त्यांचा एक शेवट. सुकणं हा दुसरा, आणि तो जास्त लबाड. जुन्या यंत्रांत स्पीकरच्या वाटेवर २,२०० मायक्रोफॅरडचा एक कंडेन्सर असतो. ८ ओहमच्या स्पीकरबरोबर तो ९ हर्ट्झपर्यंतचे खालचे सूर जाऊ देतो, म्हणजे माणसाला ऐकू येतं ते सगळं. सुकून त्याची क्षमता दहावा भाग उरली की ही मर्यादा ९० हर्ट्झवर येते. यंत्र चालतं, गाणं वाजतं, गळा ऐकू येतो. फक्त तबल्याचा डग्गा पोकळ होतो. सातपुड्यातल्या काठी गावच्या राजवाडी होळीचं ध्वनिमुद्रण लावलंत तर मोठ्या ढोलाचा नुसता टणत्कार येईल, छातीत बसणारा घुमारा येणार नाही. लोक म्हणतात, स्पीकर म्हातारे झाले. दोष बहुधा या स्वस्तातल्या डब्याचा असतो.

नवा डबा घेताना तीन आकडे बघा. मायक्रोफॅरड मूळ इतकेच; फिल्टरच्या जागी थोडे जास्त चालतात. व्होल्ट मूळ इतके किंवा जास्त. आपल्याकडे जास्तच घ्यावेत, आणि त्याचा हिशेब सोपा आहे. ट्रान्सफॉर्मरनं २४ व्होल्ट दिले की डायोडनंतर साधारण ३२.५ व्होल्ट डीसी मिळतात. खेड्यात रात्री शेतातले पंप थांबले की २३०चे २४५ व्होल्ट व्हायला वेळ लागत नाही. मग डीसी चौतीस-पस्तीसवर जातं. मूळ डब्यावर ३५ लिहिलेलं असेल तर तो काठावर उभा आहे. तिथे ५० व्होल्टचा बसवा. तिसरा आकडा तापमानाचा: ८५ऐवजी १०५ अंशांचा घ्या. दर दहा अंश गारव्यामागे या डब्याचं आयुष्य साधारण दुप्पट होतं. ८५ अंशांना २,००० तासांचा डबा ६५ अंशांना ८,००० तास टिकतो, ५५ अंशांना १६,००० तास. रोज तीन तास ऐकणाऱ्याला याचा अर्थ सात वर्षं की साडेचौदा वर्षं, असा होतो. नंदुरबारच्या मे महिन्यात खोलीच चाळिशीच्या पुढं असते. तेव्हा अ‍ॅम्प्लिफायर शोकेसमध्ये कोंबू नका, आणि वरच्या जाळीवर घातलेला तो क्रोशाचा रुमाल काढा.

डब्याची उलटी बाजू लावलीत तर तोही फुटेल. काढण्याआधी फोटोत खूण पाहा. आणि सगळंच बदलायच्या मोहात पडू नका. चपटे सिरॅमिक आणि प्लॅस्टिकच्या पापुद्र्याचे कंडेन्सर क्वचितच बिघडतात. न बिघडलेला भाग बदलण्यात नव्या चुकीची एक संधी तेवढी असते.

जुळा भाऊ

नकाशा मिळाला तर उत्तमच. मिळाला नाही, तरी स्टिरिओ दुरुस्त करणाऱ्याकडे एक ठेवा असतो जो रेडिओवाल्याकडे नसतो. यंत्रात सगळं दोनदा आहे: डावा चॅनेल आणि उजवा चॅनेल, एकाच दिवशी जन्मलेले जुळे. एक आजारी असेल तर दुसरा तुमची उत्तरपत्रिका आहे. चालणाऱ्या बाजूच्या एका ट्रान्झिस्टरच्या तीन पायांवरचे व्होल्ट वहीत लिहा, मग आजारी बाजूच्या त्याच ट्रान्झिस्टरचे. जिथे आकडे पहिल्यांदा दुरावतात, त्याच्या आसपास चोर आहे. छोटे ट्रान्झिस्टर बदलताना पायांचा क्रम तपासा. बीसी १४८च्या जागी बीसी ५४८ चालतो, पण पाय त्याच ओळीत असतील असं गृहीत धरू नका.

गुणगुणीची परीक्षा तर कानानं होते. व्हॉल्यूम कमी केल्यावर ‘हम’ कमी झाला, तर दोष व्हॉल्यूमच्या आधी आहे: तार, सॉकेट, अर्थिंग. तो तसाच राहिला, तर दोष पुढं आहे, आणि पहिला संशयित फिल्टर कंडेन्सर. डायोड विजेच्या दोन्ही अर्ध्या लाटा वापरतात, म्हणून सुकलेल्या फिल्टरची गुणगुण ५० हर्ट्झची नसून १०० हर्ट्झची, जरा चढी आणि खरबरीत असते. तारेतून शिरलेली ५० हर्ट्झची असते, खोल आणि मऊ. दोन-चार यंत्रं ऐकलीत की फरक कानात बसतो.

दोन आकडे, मग गाणं

स्पीकर जोडण्याआधी दोन मोजमापं. पहिलं, स्पीकरच्या टोकांवर डीसी किती आहे. ज्या यंत्रांत वाटेवर कंडेन्सर नाही, तिथे हा आकडा शून्याजवळ हवा. ५० मिलिव्होल्टपर्यंत चालेल. एक-दोन व्होल्ट असतील तर स्पीकरची नाजूक गुंडाळी गाणं न वाजवता नुसती तापत राहील.

दुसरं, बायस. दोन आउटपुट ट्रान्झिस्टर आळीपाळीनं काम करतात, एक लाटेचा वरचा अर्धा भाग उचलतो, दुसरा खालचा. पाळी बदलताना एकानं हात सोडला आणि दुसऱ्यानं धरला नाही, तर आवाजात तिथे ओरखडा उठतो. हळू आवाजात तो जास्त टोचतो. म्हणून दोघांनाही शांततेत थोडा प्रवाह देऊन जागं ठेवायचं असतं. एमिटरजवळच्या ०.२२ ओहमच्या रजिस्टन्सवर १० मिलिव्होल्ट दिसले, तर प्रवाह ४५ मिलिअँपिअर. नेमका किती हवा ते कंपनी ठरवते. माहीत नसेल तर कमीच ठेवा. हा प्रवाह ठरवणाऱ्या बोर्डावरच्या छोट्या प्रीसेटवर पेचकस ठेवून किंचित फिरवा, पंधरा मिनिटं यंत्र तापू द्या, पुन्हा मोजा. प्रीसेट मळका असेल तर फिरवता फिरवता संपर्क सुटून प्रवाह एकदम उसळू शकतो. म्हणून सिरीज बल्ब अजूनही जागेवरच असू द्या.

आता बल्ब काढा. आधी एखादा टाकाऊ स्पीकर लावा, दहा मिनिटं हीटसिंकवर हात ठेवा. कोमट असेल, तर खरे स्पीकर जोडा. गाणं तुमच्या आवडीचं.

बाहेरची डागडुजी हाताला येईल तशी करा, पण थोडकी. सागवानी पेटीला जवसाच्या तेलाचा हात पुरतो. दर्शनी अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीवर साबणाचं कोमट पाणी. अल्कोहोल लावलंत तर ‘बास’ आणि ‘ट्रेबल’ ही छापील अक्षरं फडक्याबरोबर निघून येतील.

मामांचा अ‍ॅम्प्लिफायर पुढं चालू झाला. दोन फिल्टर, दोन ट्रान्झिस्टर, एक फ्यूज आणि चार रविवार एवढा खर्च आला. झाकण लावायच्या आधी मी एक चिठ्ठी आतल्या बाजूला चिकटवली: तारीख, बदललेले भाग, दोन्ही चॅनेलच्या बायसचे आकडे, आणि खाली एक सूचना. तुम्हीही तशी चिठ्ठी लिहा. वीस वर्षांनी ते झाकण उघडणारा माणूस तुम्हाला ओळखत नसेल, पण कुठून सुरुवात करायची हे त्याला कळेल. सूचना एवढीच होती: आधी सिरीज बल्ब लावा.